‘हादडणे’ या शब्दाचे मूळ आणि सासूबाईंचे दात

तीर्थस्वरूप दादा यांना तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा शब्द अक्षरशः घ्यावा. दिवसभर कामाच्या टेबलावर वाकलेला असतो आणि संध्याकाळी कंबर सरळ व्हायचं नाव घेत नाही, त्यामुळे हल्ली माझ्या नमस्कारात आदर वेगळा घालावा लागत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का, की अजून पाहुणे आले की सुरू होतो आणि गेले की थांबतो? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की दौऱ्याची दगदग आता सोसत नाही. सोसत नसेल तर करू नका, पण पुढच्या शनिवारच्या आसपास एखादा छोटा दौरा जमत असेल तर तो मात्र टाळू नका. त्याविषयी पुढे.

इकडे सगळं क्षेम आहे. तुमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, यांची प्रकृती ठणठणीत आहे. काळजीचं काही कारण नाही. फक्त गेल्या शनिवारपासून त्यांनी काही चावलेलं नाही. दूध, सूप आणि पातळ केलेला बटाटा यांवर त्या आहेत, आणि त्यांची कवळी या क्षणी माझ्यासमोर काचेच्या वाटीत पाण्यात आहे, माझ्याकडे बघून हसत. शिवाय त्यांनी पिशवी भरून दारामागे ठेवली आहे आणि तुमच्या गावच्या गाडीची चौकशी चालवली आहे. तुम्हाला आई जड नाही हे मी जाणतो, पण बिनदातांची आई घेऊन तुम्ही काय करणार? दात मी केलेले, माझ्याकडेच राहणार. तेव्हा हे प्रकरण इथेच मिटावं हे दोघांच्याही हिताचं. ते कसं घडलं ते मुळापासून सांगतो. मुळापासून सांगणं हा माझा स्वभाव आहे. (तुमच्या बहिणीच्या मते हा स्वभाव नसून दुखणं आहे.)

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे, पण पुरता माहीत नाही, कारण तो कुणालाच पुरता माहीत नसतो. दंतवैद्य वरच्या मजल्यावर बसतो, पाटी त्याची, खुर्ची त्याची, पांढरा कोट त्याचा. तो माणसाच्या तोंडात मऊ लगदा दाबून ठसा घेतो आणि तो ठसा खाली माझ्याकडे पाठवतो. पुढचं सगळं मी करतो. प्लास्टरचा जबडा ओतणं, मेणात दात मांडणं, हिरडीचा गुलाबी रंग माणसाच्या वयाला शोभेल इतका फिका करणं, दाढांचे उंचवटे कानशीने एकमेकांत बसवणं, हे मी कुठल्याही महाविद्यालयाची पायरी न चढता शिकलो आहे. गावातले निम्मे प्रतिष्ठित लोक माझ्या दातांनी बोलतात. रस्त्यात ते मला ओळख देत नाहीत, पण हसले की मी त्यांना ओळखतो.

तर मागच्या वर्षी बसचा एक चालक कवळी परत घेऊन आला. धिप्पाड गडी, मिश्या भरघोस. मी विचारलं, दुखतंय का? नाही. सैल आहे का? नाही. चावता येत नाही का? म्हणाला, “चावता येतं हो. खाता येतं. पण हादडता येत नाही.” मी त्याला हसलो असतो, पण हसलो नाही, कारण माझ्या लक्षात आलं की या माणसाने धंद्यातली सर्वांत नेमकी तक्रार केली आहे. दंतवैद्य विचारतो, चावता येतं का? रोगी म्हणतो, येतं. दोघांचं समाधान होतं. पण माणूस नुसता चावतो का? तो चघळतो, मटकावतो, चापतो, ओरपतो, रेटतो, हाणतो. प्रत्येक शब्दाला जबडा वेगळा हलत असणार, नाहीतर इतके शब्द कशाला लागले असते? आणि जबडा वेगळा हलत असेल तर मी इतकी वर्षं एकाच हालचालीसाठी कवळ्या करत आलो, असा त्याचा अर्थ झाला. मला दरदरून घाम फुटला. (तुमची बहीण म्हणाली की पंखा बंद होता. पंखा बंद होता हे खरं, पण घाम त्याचा नव्हता.)

मी संशोधन सुरू केलं. समोरच्या बस आगारात उपाहारगृह आहे. तिथे कोपऱ्यातल्या बाकावर चहा घेऊन बसायचं आणि लोकांची तोंडं बघायची, कानांनी शब्द गोळा करायचे. पहिल्या आठवड्यात उपाहारगृहाची मालकीण येऊन उभी राहिली. “दादा, खायला आलाय की बघायला? बघायला असाल तर बाकडं मोकळं करा, बघणाऱ्यांसाठी बाहेर फुटपाथ आहे.” मी तिला संशोधनाचं महत्त्व सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एक पाव आणून माझ्यासमोर आदळला. “हा गिळा, मग बघा काय बघायचं ते.” मी ‘गिळा’ हा शब्द तत्काळ नोंदवला. घरी आल्यावर हे तुमच्या बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, “गावभरच्या बायाबाप्यांची तोंडं बघत बसता, माझ्या तोंडाकडे कधी बघितलंत?” मी बघितलं. तिचा खालचा डावा सुळा किंचित झिजला आहे. तसं सांगितलं. त्यावर ती माजघरात निघून गेली. संशोधकाला घरच्यांची साथ नसते ती अशी.

निष्कर्ष थोडक्यात देतो. मटकावणे म्हणजे ज्याचं खाणं त्याची नजर दुसरीकडे असताना खाणे. यात दातांपेक्षा मानेचं काम जास्त. चापणे म्हणजे दोन्ही गालांत सारखं वजन ठेवून खाणे. ओरपणे आणि भुरकणे यांना दात लागतच नाहीत, त्यामुळे धंद्याच्या दृष्टीने हे दोन्ही शब्द निरुपयोगी आहेत, आणि त्या खाणाऱ्यांनी माझ्याकडे येऊही नये. चरणे हे आगाराच्या कार्यालयातले कारकून करतात. खणात काहीतरी असतं, हात खणात जातो, तोंड हलतं, कागद हलत नाही. आणि हादडणे म्हणजे पहिला घास खाली उतरण्याआधी दुसरा आत येणे आणि पहिल्याची त्याला हरकत नसणे. यात जबडा वरखाली होत नाही, तो तिरका जातो, रंधा मारल्यासारखा. साधी कवळी इथेच मार खाते. तिची मागची बाजू उचलली जाते. शब्दाची व्युत्पत्तीही मी लावली आहे. ‘हा’ म्हणताना तोंड उघडतं, ‘द’ला जीभ दातांना लागते, ‘ड’ला मागे वळते. म्हणजे घास आत घेतला, दातांखाली दिला, मागे ढकलला. शब्द कसला, त्या क्रियेचा नकाशाच आहे! वाचनालयाच्या ग्रंथपालांना मी हे सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले की कोशात असं काही दिलेलं नाही. मी म्हणालो, कोशकाराने कधी कवळी बसवली होती का? ते चष्मा पुसत राहिले.

आणखी एक गोष्ट मला छळते, ती तुमच्यासारख्या विचारी माणसाला सांगतो. आपण म्हणतो, जेवणावर तुटून पडलो. ताव मारला. आडवा हात मारला. हाणलं, झोडलं, फडशा पाडला, समाचार घेतला. दादा, त्या बिचाऱ्या अन्नाने आपलं काय वाकडं केलं आहे? उकडलेला बटाटा ताटात निमूट बसलेला असतो आणि आपण त्याच्याशी शत्रूसारखं बोलतो. जे लोक साहेबासमोर मान वर करत नाहीत, शेजाऱ्याच्या कुत्र्याला ‘अहो’ म्हणतात, तेही पाच मिनिटांची सुट्टी झाली की “चला, हाणू या” म्हणत पानावर बसतात. माझं मत असं की माणसाला दिवसभरात कुणालातरी हाणायचं असतं, आणि अन्नाइतकं न उलटणारं दुसरं कुणी मिळत नाही.

शिवाय शब्द खाण्यावर ठरत नाही, खाणाऱ्याच्या खुर्चीवर ठरतो. वाचनालयाच्या वार्षिक सभेनंतर एकाच डब्यातली बिस्किटं सगळ्यांना दिली. अध्यक्षांनी अल्पोपहार घेतला. सभासदांनी बिस्किटं खाल्ली. शिपायाने मात्र हादडली, असं अध्यक्षांनी स्वतः सांगितलं. मी तिथे हजर होतो. अध्यक्षांच्या जबड्याची हालचाल शिपायापेक्षा तिरकी होती आणि घासही एकात एक होते. (त्यांची वरची कवळी माझी आहे, त्यामुळे मला आतून माहिती असते.) आमच्या घरी तर हे शास्त्र तुमच्या बहिणीने कुणी न शिकवता पूर्णत्वाला नेलं आहे. पाहुण्यांना ती “दोन घास घ्या ना” म्हणते, आईला “जेवलीस का गं” आणि मला “गिळून घ्या, मला भांडी घासायचीत” असं म्हणते. मी ते कधी मनावर घेतलं नाही. उलट गेल्या शनिवारपासून ती मला “ताट वाढलं आहे, जेवून घ्यावं” असं म्हणते आहे, आणि ते ऐकून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

खाणे या मूळ क्रियापदाविषयीही बोलायला हवं, कारण गेल्या शनिवारच्या माझ्या व्याख्यानात (ते पुढे येईलच) त्यासाठी वेळ उरला नाही. परवाना कार्यालयातल्या एका साहेबांबद्दल लोक नुसतं “ते खातात” असं म्हणतात. काय खातात हे कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. मी विचारलं होतं, निव्वळ अभ्यास म्हणून, आणि ते साहेबांच्या कानावर गेल्याने दुकानाचा परवाना लटकला तो अजून लटकलाच आहे. मी त्यांना जवळून पाहिलं. बत्तीसच्या बत्तीस दात नैसर्गिक, झीज जवळजवळ शून्य. इतकी वर्षं खाऊन दात न झिजणं हे शरीरशास्त्राला आव्हान आहे.

असो. तर या सगळ्या अभ्यासाचं फळ म्हणून मी हादडण्यालायक पहिली कवळी तयार केली. दाढांचे उंचवटे बेताने उतरवले, मागची कड रुंद केली, तिरकी चाल सांभाळली. पहिली कवळी कुणाला द्यायची हा प्रश्नच नव्हता. सासूबाई घरातच होत्या आणि त्यांची जुनी कवळी बोलताना खुळखुळत होती. नव्या कवळीने त्यांनी पहिल्याच दिवशी अख्खं सफरचंद न कापता संपवलं. दादा, मी दाराआडून बघत होतो. माझे डोळे भरून आले. माणसाच्या हातून आयुष्यात एखादंच काम असं होतं. त्या कवळीची मी हुबेहूब दुसरी प्रत करून कपाटात ठेवली, चित्रकार ठेवतो तशी.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. सासूबाई आमच्या इमारतीतल्या बायकांना सांगत आल्या आहेत की दात त्यांचे स्वतःचे आहेत. आमच्या वर एक बाई राहतात. त्यांना इमारतीत दुर्बीणबाई म्हणतात, कारण कुणाच्या दारात कुणाच्या चपला आहेत हे त्यांना घरबसल्या दिसतं. त्यांनी एकदा विचारलं, या वयात इतके सुंदर दात कसे? सासूबाई म्हणाल्या, रोज सकाळी एक कच्चं गाजर. तेव्हापासून दुर्बीणबाई रोज सकाळी गाजर खातात. त्यांच्याबरोबर आणखी बायकाही खाऊ लागल्या. जिन्याखाली संध्याकाळी ज्या बायका बसतात त्यांच्यात सासूबाईंचा शब्द शेवटचा असतो. औषध, पथ्य, सुनेशी कसं वागावं, सगळं त्यांना विचारतात, आणि त्या मोठं हसून सांगतात. हे सगळं मला माहीत होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. माझी कवळी खरी वाटते याहून मोठी पावती कोणती?

गेल्या शनिवारी वाचनालयात ताऱ्यांवर व्याख्यान होतं. व्याख्याते सर्दीने आजारी पडले आणि ग्रंथपाल माझ्याकडे आले. (म्हणजे ऐनवेळी जागा भरायला तुम्हाला नेलं, असं तुमची बहीण म्हणते. मी म्हणतो, ताऱ्यांना सर्दी झाली हा योगायोग.) ‘खाण्याचे बोली शब्द, अर्थ आणि उगम’ असा विषय मी फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिला. दालन भरलं होतं. पहिल्या रांगेत सासूबाई, ठेवणीतले कपडे घालून, आणि त्यांच्या शेजारी दुर्बीणबाई. मागे जिन्याखालचं सगळं मंडळ. मी बिजागरीच्या प्लास्टरच्या जबड्यावर कपाटातली प्रत बसवून घेऊन गेलो होतो. चरणे दाखवलं, चापणे दाखवलं. टाळ्या पडल्या. मग हादडणे दाखवण्यासाठी जबड्यात बिस्किटामागून बिस्किटं घातली आणि जबड्याला लावलेली मूठ फिरवली. असा कडकडाट झाला की मागच्या रांगेतले लोक उभे राहिले. अध्यक्षांच्या मांडीवर सगळा भुगा उडाला, त्यांनी तो झटकला नाही, इतके ते रंगले होते.

तेवढ्यात दुर्बीणबाईंनी हात वर केला. “अहो, हे इतके छान दात कुणाचे?”

दादा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? नमुना दाखवायचा आणि मूळ ठिकाण सांगायचं नाही, ही अफवा झाली, शास्त्र नव्हे. मी सांगितलं. हात करून दाखवलं. एवढंच नव्हे तर सासूबाईंचा मान वाढावा म्हणून म्हणालो की या माझ्या सासूबाई, पूर्ण कवळी, वरची आणि खालची, आणि घरी अशा हादडतात की बघत राहावं. जरा उभ्या राहता का, म्हणजे मंडळींना दिसेल.

त्या उभ्या राहिल्या. दुर्बीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग जबड्याकडे बघितलं, मग परत त्यांच्याकडे, आणि म्हणाल्या, “म्हणजे गाजरं नव्हेत?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं जिन्याखालचं मंडळ हसलं. मला आधी वाटलं की बिस्किटाच्या भुग्याला हसतायत, म्हणून मीही हसलो. सासूबाई पाठ ताठ ठेवून बाहेर गेल्या. मला वाटलं, भारावल्या. व्याख्यान मी नियोजित वेळेत संपवलं.

घरी आलो तेव्हा त्या माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंडातून वरची काढली, खालची काढली, माझ्या चहाच्या पेल्याशेजारी ठेवली आणि काही बोलल्या. त, द आणि न पूर्ण गळाले होते, त्यामुळे तुमच्या बहिणीने सांगेपर्यंत मला कळलं नाही. “आई म्हणत्येय, तुमचे दात तुम्हालाच लखलाभ. आणि ती या जन्मात परत हादडायची नाही.” (यातला ‘हादडायची’ हा शब्द बिनदातांनी उच्चारताच येत नाही, हे तेव्हा सिद्ध झालं. माझ्या उपपत्तीला याहून सज्जड पुरावा नाही. तसं मी तिथेच बोलून दाखवलं. ती वेळ योग्य नव्हती, असं मला नंतर सांगण्यात आलं.)

तेव्हापासून त्या खिडकीशी बसतात, ओठ आत ओढून. जिन्याखाली जात नाहीत. बायका खालून हाक मारतात, त्या पडदा ओढतात. परवा कुणीतरी दाराच्या कडीला गाजर अडकवून गेलं. ते तुमच्या बहिणीने आधी बघितलं म्हणून बरं, पण सासूबाईंना कळायचं ते कळलंच. अंगाने बारीक व्हायला लागल्या आहेत, दादा. मी विनोद करतो आहे असं समजू नका. माणूस चावायचा थांबला की गाल आधी बसतात आणि मग तो स्वतः बसतो. मी हे इतर घरांत पाहिलं आहे.

मी प्रयत्न केले. माफी मागितली. त्यांनी मान फिरवली. कवळी नव्याने चमकावून आणली, तर वाटी तशीच परत आली. शेवटी तुमच्या बहिणीमार्फत अट आली. पुढच्या शनिवारी त्याच दालनात, त्याच लोकांसमोर मी सांगायचं की ते दात यांचे नव्हेत. मी म्हणालो, हे खोटं आहे. ती म्हणाली, “एक वाक्य आहे हो.” मी म्हणालो, वाक्य छोटं असलं तरी खोटं आहे, आणि शिवाय आयुष्यातलं सर्वोत्तम काम मी चारचौघांत नाकारू? त्यावर ती भांडं घासता घासता थांबली. “मग खरं बोला आणि तिला उपाशी ठेवा. तुमचं काम बसू दे वाटीत.” एवढं बोलून तिने मला जेवून घ्यावं असं सुचवलं.

हे सगळं लिहिण्याचा हेतू इतकाच की ‘हादडणे’च्या व्युत्पत्तीविषयी तुमचं निःपक्षपाती मत कळावं. सवडीने कळवा. घाई नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. व्युत्पत्तीचं राहू द्या. मला मार्ग सापडला आहे, आणि त्यात एका अक्षराचंही असत्य नाही. व्याख्यानात दाखवली ती कपाटातली प्रत होती. ती सासूबाईंच्या तोंडात कधीच गेलेली नाही. तेव्हा “हे दात यांच्या तोंडात कधी नव्हते, माझ्या सांगण्यात घोटाळा झाला” असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. पण मग लोक विचारणार, जबडा कुणाचा? दादा, तुमची हनुवटी थेट आईंवर गेली आहे. तुम्ही फक्त शनिवारी मंचावरच्या खुर्चीत येऊन बसायचं. मी म्हणेन, ठेवण याच घराण्याची आहे, आणि तुमच्याकडे बघेन. बाकीचं लोक आपापलं समजून घेतील. त्यांच्या समजुतीला आपण जबाबदार नाही. तुम्ही काही बोलायचं नाही. गप्प बसलेला माणूस खोटं बोलला असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. तुमचे दात गेले असं चार परक्या माणसांना वाटलं तर तुमचं काय बिघडणार आहे? तुम्ही इथे राहत नाही.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकण्याआधी कळवतो की ग्रंथपालांनी उत्साहाच्या भरात वाचनालयाच्या फळ्यावर लिहून टाकलं आहे. ‘शनिवारी नमुन्याचे मूळ मालक स्वतः उपस्थित राहणार.’ खाली तुमचा हुद्दा आहे. (हुद्दा मी सांगितला. तो चुकू नये म्हणून.)

ता. क. तिसरा. फळा वाचून दुर्बीणबाई आत्ताच वर जाता जाता आमच्याकडे आल्या होत्या. दारातूनच सासूबाईंना म्हणाल्या, “बाई, माझंच चुकलं हो. गाजरं मी आजपासून परत सुरू केलीत.” त्या गेल्यावर सासूबाई माझ्या टेबलाशी आल्या, माझ्याकडे न बघता वाटी उचलली आणि आत गेल्या. आता स्वयंपाकघरातून सफरचंदाचा आवाज येतो आहे. तिरकी चाल, घासावर घास, मागची कड जराही उचलली जात नाही. तुमची बहीण दारात उभी आहे आणि पदराने डोळे पुसते आहे. म्हणाली, दादाला लिहा, आता तो नाही आला तर आई सगळ्यांदेखत दात परत काढून ठेवेल, आणि या वेळी तुमच्या हातात देईल. तेव्हा येणार की नाही हा प्रश्न मी विचारत नाही. कुठल्या गाडीने येणार तेवढं कळवा.

ता. क. शेवटचा, आणि हा घरात कुणाला न दाखवता लिहितो आहे. एक नाजूक विनंती. तुमचा वरचा सुळा ओठाबाहेर आला आहे, खालचे दोन दात एकमेकांच्या अंगावर चढले आहेत, आणि पुढच्या फटीतून तुम्ही स बोललात की शीळ येते. निसर्गाने दिलेत, तुमचा दोष नाही. पण शनिवारी गावाला असं वाटणार आहे की तुमच्या तोंडात जे आहे ते मी केलेलं आहे. मंचावर दंतवैद्य असेल, अध्यक्ष असतील, माझी निम्मी गिऱ्हाइकं असतील. म्हणून हात जोडून सांगतो, गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत तोंड उघडू नका. बिस्कीट पुढे केलं तर हातानेच नको म्हणा. आणि आईंना खाताना बघून तुम्हाला बरं वाटेल, मला माहीत आहे, मलाही वाटतं आहे, पण दादा, कृपा करा, हसू नका.